एचएफसी-२३ : चीनचा हिशोब हवेने पकडला, आपला कोण तपासणार?

जुन्या एसीत मेकॅनिक ‘गॅस भरतो’ तेव्हा तो बऱ्याचदा आर-२२ असतो. आज मला बोलायचंय ते तो बनवताना कारखान्यात नको असतानाही तयार होणाऱ्या दुसऱ्याच गॅसबद्दल. नाव एचएफसी-२३.

क्लोरोफॉर्म आणि हायड्रोजन फ्लोराइडच्या रिॲक्शनमधून आर-२२ मिळतो. ती जरा जास्त पुढे गेली की काही रेणूंना एक फ्लोरिन जादा चिकटतो आणि एचएफसी-२३ तयार होतो. १०० किलो आर-२२ मागे साधारण दीड ते चार किलो. किरकोळ वाटतं ना? पण शंभर वर्षांच्या हिशोबात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४ हजार पट तापमानवाढ करतो आणि हवेत दोनशेहून जास्त वर्षं टिकतो. म्हणजे एक टन सोडला तर १४ हजार टन कार्बन सोडल्यासारखं.

खूप जास्त तापमानाच्या भट्टीत तो जाळता येतो आणि खर्चही फार येत नाही. उलट एकेकाळी यात भरपूर कमाई होती. क्योटो कराराखाली हा गॅस जाळला की कार्बन क्रेडिट मिळायचे, आणि त्यांची किंमत जाळण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त. चीन आणि भारतातल्या कारखान्यांनी यात चांगलाच हात मारला. २०१३ मध्ये युरोपने हे क्रेडिट घेणं थांबवलं आणि मोठा गिऱ्हाईकच गेला. मग भट्ट्या चालू ठेवायच्या कोणाच्या पैशाने?

इथे दोन देशांचे रस्ते वेगळे झाले. चीनने जाळण्यासाठी सरकारी अनुदान दिलं. भारताने ऑक्टोबर २०१६ मध्ये, किगाली कराराच्या तोंडावर, पाचही उत्पादकांना सांगितलं : गॅस स्वतःच्या खर्चाने जाळा. मला विचाराल तर तत्त्व म्हणून आपला निर्णय जास्त सरळ होता. ज्याने घाण केली त्यानेच ती साफ करायची.

दोन्ही देशांनी कळवलेली कपात खरी धरली, तर २०१५ ते २०१७ दरम्यान जगाचं एचएफसी-२३ उत्सर्जन जवळपास ९० टक्क्यांनी घसरायला हवं होतं. झालं उलटंच. २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार २०१८ साली ते १५,९०० टनांवर गेलं होतं, तोवरचं सगळ्यात जास्त.

मग गडबड कुठे? चीनपुरतं उत्तर दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरून आलं. तिथलं गोसान केंद्र चीनकडून येणारी हवा सतत मोजतं. त्या नोंदींवरून कळलं की पूर्व चीनमधलं उत्सर्जन २००८ च्या ५ हजार टनांवरून २०१९ मध्ये साडेनऊ हजारांवर गेलंय. जगाच्या जवळपास निम्मं!

भारतासाठी मला सापडलेला हवेतला आकडा आहे २०१६ च्या जून-जुलैचा. एका संशोधन विमानाने उत्तर भारतावरच्या हवेचे नमुने घेतले आणि देशाचा अंदाज निघाला वर्षाला सुमारे १,२०० टन. ‘चीनच्या आठव्या हिश्शाएवढंच की!’ असं म्हणून खूश होऊ नका. एक तर वर्षं वेगळी. दुसरं, आपलं आर-२२ चं उत्पादनच चीनपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे किलोमागे आपण स्वच्छ आहोत असं यातून निघत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते विमान उडालं आपल्या आदेशाच्या काही महिने आधी. आदेशानंतर काय झालं हे त्यात दिसूच शकत नाही. २०२० च्या अभ्यासकांनीही हेच म्हटलं : चीनने कळवलं तेवढी कपात झाली नसावी, पण भारताबद्दल आणखी मोजमापाशिवाय सांगता येत नाही.

म्हणजे चीन पकडला गेला, कारण वाऱ्याच्या वाटेवर शेजारी यंत्र लावून बसलाय. आपण निर्दोष असूही, पण ते दाखवायला कंपन्यांनी भरलेल्या फॉर्मपलीकडे काहीतरी हवं ना?

एसीतला आर-२२ हळूहळू बंद होतोय, म्हणून प्रश्न आपोआप मिटेल असं वाटेल. तसं नाही. नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन आर-२२ पासूनच बनतं, आणि अशा कच्च्या मालाच्या वापराला माँट्रियल कराराची बंदी लागू नाही. तवे विकले जातील तोवर त्या भट्ट्या पेटत्या ठेवाव्या लागणार आहेत.