घरचें आरोग्य : चूल विझली, धाप राहिली

अकोला-अमरावतीकडील जुन्या वाड्यांतून एक दृश्य अजूनहि दिसतें. सत्तरी उलटलेल्या आजी माजघरांतून देवघराकडे निघतात आणि उंबऱ्याशींच धाप लागून थांबतात. विडीला त्यांनीं जन्मांत स्पर्श केलेला नसतो. घरची मंडळी म्हणतात, "वय झालें, दुसरें काय!" वाचकहो, हा समज घातक आहे.

आपल्या वऱ्हाडांत कापूस वेंचून झाला कीं शेतांतील पऱ्हाट्या सरपणास येत. त्यांच्या धुरापुढें वर्षानुवर्षें वांकून ज्यांनीं पंगती जेवूं घातल्या, त्यांच्या फुप्फुसांत तो धूरहि गेला. चूल जाऊन गॅस आला, तरी झालेली हानि राहिली. धूम्रपान न करणाऱ्यांच्या ह्या विकाराकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट' पत्रांतून लक्ष वेधलें.

फुप्फुसांत सुमारें ३० कोटि वायुकोश असतात. धुरानें श्वासनलिका सुजून अरुंद होतात, आणि पुष्कळांच्या वायुकोशांच्या पातळ भिंतीहि विरतात. कोशांचा लवचिकपणा गेला कीं आंतली हवा पुरती बाहेर पडत नाहीं व ताज्या हवेस जागा उरत नाहीं. हाच एम्फिसीमा. दम्याची धाप बहुधा येते नि जाते. ही मात्र हळूहळू वाढत राहते.

विरलेल्या भिंती पुन्हां उभ्या राहत नाहींत, हें खरें. परंतु उपायच नाहीं असें नव्हे. धापेचें कारण हृदयविकार किंवा रक्तक्षयहि असूं शकतें. म्हणून प्रथम डॉक्टरांकडून तपासून, नळींत फुंकून करावयाची स्पायरोमेट्री करून घ्यावी. बंबाचा, उदबत्तीचा, घरांतील पुरुषांच्या सिगारेटचा, सर्व धूर बंद करावा. तोंडानें ओढावयाचा पंप नेमानें घ्यावा. त्याचें व्यसन लागतें ही निव्वळ भीति होय. नाकानें श्वास घेऊन, शीळ घालतांना करतों तसे ओंठ करून सावकाश सोडावा. झेपेल तेवढें रोज चालावें. इन्फ्लुएंझा व न्यूमोनियाच्या लसींविषयीं डॉक्टरांस विचारावें. रक्तांतील प्राणवायु फार उतरल्यास तो घरीं रोज निदान १५ तास द्यावा लागतो. तेव्हां निरांजनहि जवळ नसावें.

ज्यांच्या हातचें जेवून घर वाढलें, त्यांची धाप 'वय झालें' म्हणून सोडून देणें आपणांस शोभत नाहीं.