थडग्यावरची भाषा

लंडनकर मॉरिस. आपल्या पद्धतीने आडनाव लावायचे तर त्याला असेच म्हणावे लागेल. मूळ नाव मॉरिस द लाँद्र. वेल्सच्या दक्षिण भागात, ब्रिजेंड शहराजवळ इवेनी नावाचे खेडे आहे. तिथल्या जुन्या बेनेडिक्टाइन मठाच्या चर्चमध्ये या मॉरिसचे थडगे आहे. मठाचा संस्थापक येथे विसावला आहे, देव त्याच्या श्रमांचे फळ त्याला देवो, अशा अर्थाचा मजकूर शिळेवर कोरला आहे. हा मजकूर फ्रेंच भाषेत आहे. चर्चमधल्या प्रार्थना लॅटिनमध्ये चालत. आसपासची मूळ रयत मात्र वेल्श बोलत असे.

घरात दोन भाषा नांदणाऱ्या आपल्यासारख्यांना हा तपशील ओलांडून पुढे जाता येत नाही. कोरीव लेख दिसला की आधी भाषा कोणती ते पाहायचे, मग मजकूर, ही आपली जुनी खोड!

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. युरोपातील मठ म्हटले की ग्रंथांच्या नकला, शेती, आजाऱ्यांची सेवा असे लिहून द्यायची आमची पद्धत. ते खोटे नाही. पण इवेनीसारख्या लहानशा मठाकडे पाहिले की दुसरी बाजू समोर येते.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे त्यांचे सरदार वेल्समध्ये शिरले. मॉरिसचा बाप विल्यम त्यांपैकीच एक. ऑगमोरचा किल्ला त्याचा, आणि इवेनीचे चर्चही त्यानेच बांधले. ११३६ मध्ये वेल्श लोकांनी मोठा उठाव केला. त्यात ग्वेनलियन नावाची राजस्त्री स्वतः फौज घेऊन किडवेलीवर चालून गेली. किडवेलीचा धनी होता मॉरिस. त्या लढाईत ती मारली गेली. एक मुलगा मेला, दुसरा कैद झाला. आजही तिथले एक शिवार तिच्या नावाने ओळखले जाते.

त्यानंतर पाच वर्षांनी, ११४१ मध्ये, मॉरिसने इवेनीचे चर्च इंग्लंडमधील ग्लॉस्टरच्या सेंट पीटर मठाला दान दिले आणि इथे त्याचा शाखामठ सुरू झाला. दान पुण्यासाठी असेल. त्या काळचा माणूस परलोकाला खरोखर भीत असे. पण या दानामुळे वेल्श भूमीवरचे धर्मकार्य ग्लॉस्टरच्या ताब्यात गेले, हेही तितकेच खरे. याच ग्लॉस्टरला दुसऱ्या एका नॉर्मन सरदाराने लानबादार्न हे वेल्श लोकांचे प्राचीन धर्मपीठ देऊन टाकले होते. ११३६ च्या उठावात वेल्श लोकांनी तिथल्या परक्या साधूंना हाकलून दिले. इवेनीत तसे घडले नाही.

इवेनीला तट आहे, बुरूज आहेत, भक्कम वेशी आहेत. काही अभ्यासक म्हणतात, यात संरक्षणापेक्षा दिमाख अधिक. मला वाटते, दिमाखही कुणाला तरी दाखवण्यासाठीच असतो! चर्चच्या आतही एक आडवी दगडी भिंत आहे. अलीकडे गावकरी, पलीकडे साधू.

पुढे आठव्या हेन्रीने मठ मोडले. इवेनी सर एडवर्ड कार्न यांच्याकडे आधी भाडेपट्ट्याने गेली आणि १५४५ मध्ये त्यांनी ती विकत घेतली. हे कार्न हेन्रीच्या घटस्फोटासाठी रोमला खेटे घालणारे वकील. गंमत पाहा, मठाचा हा खरेदीदार १५६१ मध्ये रोममध्येच वारला, आणि त्याला सान ग्रेगोरिओ या मठाच्या चर्चमध्ये पुरले!

मठ मोडले जात होते त्याच सुमारास, १५३६ च्या कायद्याने, वेल्समधील न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली. इंग्रजी न येणाऱ्या वेल्श माणसाला सरकारी पद बंद झाले. ते कलम कायद्याच्या पुस्तकातून रीतसर निघायला काही शतके लागली. परक्या साधूंपेक्षा हा घाव मला अधिक खोल वाटतो. साधूंनी निदान कोर्टात वेल्श बोलू नका असे कुणाला सांगितले नव्हते.

चित्रकार टर्नरने १७९७ च्या सुमारास इवेनीचे जलरंगातील चित्र काढले, तेव्हा साधूंच्या बाजूची पडझड झाली होती. आता ती बाजू सरकारी देखरेखीखाली आहे आणि मॉरिसचे थडगे तिकडेच आहे. भिंतीच्या अलीकडचा भाग मात्र आजही गावाचे चर्च म्हणून वापरात आहे.