शिकाऊ माणसाला साधे वाद्य पुरे?

स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा लसीकरण किंवा बालकांचा आहार यांपैकी एखादा विषय मी हाताळावा, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर मी गोकुळ रोडवरील माझ्या दवाखान्यात बारा महिने बोलतच असतो. गतवर्षी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, मी एक गिटार विकत घेतली. त्या खरेदीच्या निमित्ताने माझे एक मत बनले आणि माझी एक जुनी चूकही माझ्या ध्यानी आली. व्यवसायबंधूंपुढे ती मांडावी, म्हणून हा प्रपंच.

हुबळी-धारवाडात राहून उतारवयात वाद्य हाती धरायचे म्हणजे संकोच हा आलाच. गंगूबाई हनगल यांचे ‘गंगालहरी’ याच गावात. सवाई गंधर्वांचे कुंदगोळ येथून हाकेच्या अंतरावर. सतारवादक रहिमत खाँ धारवाडात स्थायिक झाले आणि त्यांच्या घराण्यात सतार पिढ्यान्‌पिढ्या वाजत राहिली. अशा परिसरात आपण काहीही वाजवले तरी शेजारच्या घरात ते ऐकणारा कान तयार असतो. म्हणून आपण स्वतःच पडती बाजू घेतो आणि दुकानदाराला सांगतो, ‘‘अहो, मी काही वाजवणारा नव्हे, साधीशीच दाखवा.’’ माझा आक्षेप आहे तो या ‘साधीशीच’वर.

१९८८ साली मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहत होतो. तेव्हा एका ज्येष्ठ विद्यार्थ्याकडून मी जुनी गिटार घेतली होती. तारा पोलादी, आणि पडद्यांपासून इतक्या उंच की एक स्वर दाबताना बोटाच्या टोकाला खाच पडे. चार महिने मी ती रेटली. सूर लागत नसे, कारण उंच तार दाबताना ती ताणली जाते आणि स्वर चढतो. पण हे तेव्हा मला कोण सांगणार? आपल्याला कान नाही, असा निष्कर्ष काढून मी ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधली आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे ‘मला संगीतातले फक्त ऐकता येते’ असे विनयाने सांगत राहिलो.

याच काळातला दुसरा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांचा असेल. पहिल्या वर्षी घेतलेल्या स्वस्त स्टेथोस्कोपमधून मायट्रल स्टेनोसिसची मर्मर ऐकू येत नाही. सर विचारतात, ‘‘ऐकू आली?’’ आपण मान डोलावतो आणि मनात म्हणतो, माझे कानच बधिर. मग एखाद्या रजिस्ट्रारचा स्टेथोस्कोप कानाला लागतो आणि तीच मर्मर स्पष्ट ऐकू येते. तरबेज माणूस सदोष साधनावरही वेळ निभावून नेतो, कारण दोष कुठे आहे हे त्याला कळते. नवशिक्याला ते कळत नाही आणि तो सगळा दोष स्वतःच्या पदरी घेतो. म्हणून माझे म्हणणे असे, की निर्दोष साधनाची खरी गरज नवशिक्यालाच आहे.

निर्दोष म्हणजे महागडे, असा अर्थ मात्र कृपया घेऊ नये. आपल्या व्यवसायातील काही मित्र लाखाच्या वर किमतीची परदेशी गिटार घेऊन ती दिवाणखान्यात काचेआड ठेवतात, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण हौशी वादकाला तिचा उपयोग नाही. स्पेनमधील आंतोनिओ दे तोरेस या कारागिराने १८६२ साली एक गिटार घडवली. तिची वरची फळी, जिला आपण सतारीच्या भाषेत तबली म्हणू, ती चांगल्या लाकडाची होती. पाठ आणि कडा मात्र चक्क पुठ्ठ्याच्या. नाद मुख्यतः तबलीतून येतो हे त्याला दाखवायचे होते. तेव्हा पैसे घालायचेच तर अखंड लाकडाच्या तबलीसाठी घालावेत. पाठीच्या लाकडाच्या नक्षीसाठी नव्हे. (पाठीसाठी जगभर नावाजलेले शिसवी लाकूड मात्र आपल्या सह्याद्रीतले. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ साली ब्राझीलचे शिसव सोडून भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली, हे वाचून मला उगीचच अभिमान वाटला.) आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवा दमट असते आणि फाल्गुन-चैत्रात हीच हवा ओठ फोडते. ज्याला वाद्याची निगा राखायला सवड नाही, त्याने थरांची, म्हणजे प्लायची तबली घेतली तरी चालेल. नाद थोडा उणा, पण लाकूड फुगण्या-तडकण्याचा घोर कमी.

खरी परीक्षा आहे ती तारांच्या उंचीची. तिच्यासाठी आपल्या टेबलावरचेच साधन पुरते. जीभ दाबण्याची लाकडी पट्टी साधारण दीड मिलिमीटर जाडीची असते. बाराव्या पडद्यावर सर्वांत जाड तारेखाली ती सरकवावी. एक पट्टी जाऊन वर थोडी फट राहिली, तर पोलादी तारांची गिटार ठीक. एकावर एक दोन पट्ट्या सैल बसल्या, तर घोडीवरची पट्टी घासून किंवा दांडी सरळ करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नायलॉनच्या तारांना याहून अधिक उंची चालते, कारण त्या मऊ असतात. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास, तर नायलॉनचा त्याच्या जवळपास निम्मा. दुकानात मी खिशातून पट्ट्या काढल्या तेव्हा मालक क्षणभर घाबरला. मग हसून म्हणाला, ‘‘नोड्री, साहेब, आजवर असं गिऱ्हाईक बघितलं नाही.’’

दुसरी परीक्षा मांडीवर घेण्याची. ‘ड्रेडनॉट’ नावाचा मोठा प्रकार सर्वत्र विकला जातो. हे नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून पडले, यातच सगळे आले. तो मांडीवर घेतला की माझा उजवा खांदा कानाकडे चढे. पन्नाशीनंतर खांदा आणि अंगठ्याचा सांधा यांचा कौल दुकानदाराच्या कौलाहून मोठा मानावा. मी लहान अंगाची, हलक्या तारांची गिटार घेतली. बोटांची टोके दोन-तीन आठवडे दुखतात, मग घट्टे पडून थांबतात. मनगट किंवा अंगठ्याचे मूळ दुखले, तर मात्र वाद्य अथवा बैठक चुकते आहे असे समजावे.

हे सारे आपल्या वाडवडिलांना ठाऊक नव्हते असे नाही. या भागातली मंडळी तंबोरा घ्यायला मिरजेला जात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण ती कारागिरी दीडशे वर्षांहून जुनी, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी उभी केलेली. तेथे गाणाऱ्याची पट्टी कोणती, स्त्री की पुरुष, हे विचारून वाद्य निवडले जाई आणि जवारी लावून घेतल्याखेरीज कोणी तंबोरा उचलत नसे. आणि आपण मात्र मोबाइलवर पाच तारे पाहून, बंद खोक्यातून आलेली गिटार लेकराच्या हाती देतो!

लेकराचा उल्लेख मी मुद्दाम केला. तीन वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या एका मुलीला तिची आई माझ्याकडे घेऊन आली होती. बोटांना चिरा, मनगट दुखते, गिटारच्या क्लासला जायचे म्हटले की रडते. आईने विचारले, ‘‘डॉक्टर, बंद करू का?’’ मी बोटे तपासली, मनगट तपासले, मलम लिहून दिले आणि म्हणालो, ‘‘तिला आवड नसेल तर कशाला जबरदस्ती?’’ नवजात बालकाच्या छातीवर मोठ्यांच्या स्टेथोस्कोपची चकती ठेवू नये, हे विद्यार्थ्यांना बजावणाऱ्या मला गिटारचे माप विचारण्याचे सुचले नाही. मुलांसाठी अर्धी आणि पाऊण मापाची गिटार मिळते, हेही तेव्हा मला ठाऊक नव्हते.

काही पालक म्हणतील, मूल तीन महिन्यांत कंटाळले तर? कंटाळू द्या, पण ते संगीताला कंटाळले की दुखण्याला, हे आधी पाहू या. माप बरोबर असलेली, नायलॉनच्या तारांची गिटार फार महाग नसते, आणि कारागिराकडून तारा खाली आणून घेण्याचा खर्च क्लासच्या महिन्याच्या फीएवढाही येत नाही.

गेल्या दिवाळीत त्या मुलीच्या आईला मी फोन केला. गिटार माळ्यावर होती. त्यांनी ती आणून दिली. पूर्ण मापाची, पोलादी तारांची. बाराव्या पडद्यावर माझ्या तीन पट्ट्या सहज गेल्या. जुन्या हुबळीत पेटी आणि सतारी दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर आहेत, त्यांच्याकडून मी ती नीट करून आणली. मुलगी आता बारा वर्षांची झाली, म्हणजे मापातही बसेल. आई म्हणाली, ‘‘विचारते तिला, पण ती आता बॅडमिंटन खेळते, डॉक्टर.’’ गिटार सध्या दवाखान्यात माझ्या खुर्चीमागे उभी आहे. दुपारी गर्दी ओसरली की मीच तिच्या तारा लावून ठेवतो.