आधी मोज, मग बोल!

दिवाळीच्या सुट्टीत मुरगूडला पोचले, तर आई दारातच म्हणाली, "आलीस? ओव्हन बिघडलाय. इंजिनिअर ना तू?" नानकटाईचं पीठ मळून तयार!

दिवा लागत होता, पण ओव्हन तापत नव्हता. मी ऐटीत सांगून टाकलं, "कॉइल जळली. नवीन घेऊया." शेजारचे वायरमन काका हसले. "आधी प्लग काढ. मग मोज, मग बोल."

वरची-खालची मिळून १५०० वॅट, म्हणजे एकेक कॉइल ७५० वॅटची. २३० व्होल्टला रेझिस्टन्स साधारण ७० ओहम. पेपरात हे मी डोळे झाकून सोडवते. घरात मात्र काकांनी विचारल्यावर सुचलं! वायरी सुटया करून मीटर लावला. दोन्ही कॉइल ठणठणीत. थर्मोस्टॅटही सलग. खरा दोष त्याच्यापासून कॉइलकडे जाणाऱ्या वायरच्या लगमध्ये. सैल पडून, तापून काळा झालेला. साडेसहा अँपिअर सैल सांध्यातून गेले की आधी सांधाच जळतो. लग बदलला. बॉडीला करंट उतरत नाही, अर्थिंग नीट आहे, हे तपासल्यावरच काकांनी प्लग लावू दिला.

मित्रांनो, कॉन्व्हेंटमुळे 'कंटिन्युइटी'चं स्पेलिंग मला येतं. काकांना ती शोधता येते. हॉस्टेलवर इस्त्री बंद पडली की आपणही दुकानच गाठतो ना? सरांना विनंती : दर सेमिस्टरला प्रत्येकाला एक बंद पडलेली वस्तू द्या. मार्क नंतर, आधी ती चालू होऊ दे!