दंतकथेमागचा रियाझ

एखाद्याच्या अंगचे असामान्य कौशल्य पाहिले की आपण सहज म्हणून जातो, 'ही तर देवाची देणगी!' ग्वाल्हेर येथे तानसेनाच्या समाधीजवळील चिंचेचा पाला चघळल्याने गळा गोड होतो, अशी समजूत गायकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अमेरिकेतील एका गिटारवादकाच्या बाबतीत मात्र लोकांनी हे श्रेय चक्क सैतानाला देऊन टाकले. या कलावंताचे नाव रॉबर्ट जॉन्सन.

मिसिसिपी राज्यातील कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून 'ब्लूज' हे गाणे आकारास आले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तरी पराधीनता संपली नव्हती. विरह, दारिद्र्य आणि भटकंती यांची व्यथा एकटा गायक गिटारच्या साथीने आळवी. अशा प्रदेशात, १९११ च्या सुमारास, रॉबर्टचा जन्म झाला. १९३० साली त्याची तरुण पत्नी प्रसूतीत दगावली. त्याच सुमारास सन हाऊस हा नामांकित गायक त्याच्या गावी आला. मैफल थांबली की रॉबर्ट त्याची गिटार उचलून वाजवू लागे आणि श्रोते वैतागून जात.

पुढे तो गाव सोडून गेला. परतला तेव्हा त्याच्या बोटांतील जादू पाहून हाऊस थक्क झाला. एका अपरात्री चौरस्त्यावर सैतानाने त्याची गिटार जुळवून दिली व मोबदल्यात त्याचा आत्मा घेतला, ही कथा पुढे त्याच्या नावाला चिकटली ती कायमचीच. वस्तुतः असा प्रसंग टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच वादकाविषयी त्याच्या भावाने सांगितलेला होता. रॉबर्टच्या 'क्रॉस रोड ब्लूज' या गीतात तर सौद्याचा उल्लेखही नाही. त्यात आहे तो दिवस मावळताना रस्त्यावर एकटा अडकलेला, देवाची करुणा भाकणारा माणूस. त्या काळच्या मिसिसिपीत कृष्णवर्णीयाला अशा वेळी माणसांचेच भय पुरेसे होते!

मग जादू आली कोठून? आपल्या जन्मगावाकडे गेलेल्या रॉबर्टला आइक झिमरमन नावाचा गुरू भेटला. या गृहस्थाने त्याला घरी ठेवून घेतले आणि शिकविले. रात्री दोघे दफनभूमीत बसून वाजवीत, कारण तेथे कोणाची झोपमोड होत नसे. भुताखेतांच्या गोष्टीस एवढा आधार पुरला. गुरूचे नाव मात्र कित्येक वर्षे कोणी घेतले नाही.

१९३६ व १९३७ साली टेक्सासमध्ये रॉबर्टची २९ गीते ध्वनिमुद्रित झाली. १६ ऑगस्ट १९३८ रोजी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो निवर्तला. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याला गाण्यास बोलवावे, असा जॉन हॅमंड या संयोजकाचा मानस होता. अखेर रंगमंचावर त्याच्या तबकड्या वाजवाव्या लागल्या. १९६१ साली त्याच्या गीतांची दीर्घ तबकडी निघाली आणि नव्या पिढीचे गायक-वादक त्याला गुरुस्थानी मानू लागले.

दंतकथा ऐकण्यास मोठी गोड असते. परंतु सैतानाला श्रेय देताना आपण एका गरीब माणसाचे कष्ट आणि त्याच्या गुरूचे ऋण, दोन्ही नाकारीत असतो. आपल्या घरात एखादे मूल चांगले गाऊ-वाजवू लागले, तर 'देणगी' म्हणण्यापूर्वी त्याच्या रियाझाची आणि त्याच्या शिक्षकाची आठवण अवश्य ठेवावी.