विश्लेषण : उन्हाशिवाय नेचे हिरवेगार कसे? उसन्या जनुकाची १८ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट

पावसाळ्यात आंबोली किंवा महाबळेश्वरच्या जंगलात शिरले, की झाडांच्या बुंध्यांवर आणि ओढ्याकाठच्या दगडांवर नक्षीदार पानांचे नेचे, म्हणजेच फर्न, हमखास दिसतात. त्यांना फुले, फळे, बिया यातले काहीच येत नाही. ऊनही जेमतेम मिळते. तरीही ३५ कोटी वर्षांहून जुना हा वनस्पतिगट टिकला. आज जगात त्याच्या दहा हजारांहून अधिक प्रजाती आहेत. हे कसे जमले आणि पश्चिम घाटातील सावली कमी होण्याशी त्याचा काय संबंध, याचा हा आढावा.

फुलझाडांनी नेच्यांना संपवले का नाही?

सपुष्प वनस्पतींचे सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीपासूनचे जीवाश्म सापडतात. पुढे या झाडांनी जवळपास सगळी जमीन व्यापली. या स्पर्धेत नेचे मागे पडले आणि आज उरलेत ते केवळ जुन्या काळाचे अवशेष, असा समज बरीच वर्षे होता. हाराल्ड श्नायडर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तो खोडून काढला. जीवाश्म आणि डीएनए यांची सांगड घातल्यावर असे दिसले, की आजच्या नेच्यांपैकी बहुतांश प्रजाती ज्या गटात येतात, त्याचा विस्तार फुलझाडांच्या नंतरच झाला. फुलझाडांच्या जंगलांनी नव्या सावल्या आणि नवे कोनाडे तयार केले, ते नेच्यांनी व्यापले.

सावलीत नेमकी अडचण काय?

घनदाट सदाहरित जंगलात जमिनीपर्यंत अनेकदा एक-दोन टक्केच प्रकाश पोहोचतो. शिवाय त्याचा दर्जाही घसरलेला असतो. वरच्या पानांनी प्रकाशसंश्लेषणासाठी उपयुक्त लाल आणि निळा प्रकाश आधीच शोषून घेतलेला असतो. खाली येतो तो मुख्यतः हिरवा आणि अतिलाल. बहुतेक फुलझाडे निळ्या प्रकाशाचा माग घेत त्या दिशेने वळतात. जंगलाच्या तळाशी तोच तुटपुंजा असतो.

‘निओक्रोम’ म्हणजे काय?

वनस्पतींमध्ये प्रकाश ओळखणारी प्रथिने असतात, त्यांना सेन्सर म्हणता येईल. फायटोक्रोम लाल आणि अतिलाल प्रकाश ओळखते, तर फोटोट्रॉपिन निळा. अनेक नेच्यांमध्ये या दोन्हींचे भाग एकाच प्रथिनात जोडलेले आढळतात. हेच निओक्रोम. त्यामुळे नेचे लाल प्रकाशाकडेही वळू शकतात आणि अगदी मंद उजेडातही दिशा शोधतात. हंसराजाच्या कुळातील नेच्यांवर झालेल्या प्रयोगांत ही संवेदनशीलता स्पष्ट दिसली आहे.

हे जनुक आले कुठून?

खरे आश्चर्य इथे आहे. फे-वे ली, कॅथलीन प्रायर आणि सहकाऱ्यांनी अनेक वनस्पतींची जनुकीय माहिती चाळली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला : निओक्रोम नेच्यांमध्ये तयार झालेले नाही. मॉसशी नाते सांगणाऱ्या हॉर्नवर्ट या चिमुकल्या वनस्पतींकडून ते सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी नेच्यांकडे आले. या दोन गटांच्या वाटा त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या होत्या. म्हणजे हे जनुक आईवडिलांकडून आलेले नाही, ते थेट शेजाऱ्याकडून मिळाले. याला जनुकांचे आडवे हस्तांतरण म्हणतात. जिवाणूंमध्ये ते नेहमीचे, पण वनस्पतींमध्ये त्याची उदाहरणे विरळ.

हे घडले तेव्हा फुलझाडांची जंगले उभी राहायची होती. भविष्य ओळखून उत्क्रांती तयारी करत नाही. हाताशी असलेले साधन परिस्थिती बदलल्यावर कामी आले, इतकेच.

एका जनुकानेच सगळे साधले का?

नाही. निओक्रोम सर्व नेच्यांमध्ये नाही. नेच्यांचा संथ कारभारही त्यांच्या पथ्यावर पडला. त्यांच्या पानांतील पाणीपुरवठा फुलझाडांइतका वेगवान नसतो, त्यामुळे भर उन्हात वाढीच्या शर्यतीत ते मागे पडतात. पण सावलीत गरजाच कमी असल्याने थोडक्या प्रकाशात त्यांचे भागते.

दुसरा मार्ग होता वर चढण्याचा. एरिक शुएटपेल्झ आणि प्रायर यांच्या २००९ मधील अभ्यासानुसार, गेल्या साडेसहा कोटी वर्षांत झाडांवर वाढणाऱ्या नेच्यांचा मोठा विस्तार झाला. सह्याद्रीतील बाशिंग हे त्याचे ओळखीचे उदाहरण. त्याची तळाची तपकिरी, कोरडी पाने झाडावर पडणारा पालापाचोळा अडवतात, तो कुजतो आणि बाशिंगाला तिथेच खत मिळते.

सावली गेली तर काय?

नेच्यांचा कच्चा दुवा त्यांच्या जीवनचक्रात आहे. बीजाणू रुजल्यावर आधी काही मिलिमीटरचा, बहुधा हृदयाच्या आकाराचा हिरवा तुकडा तयार होतो. त्यावरील नर पेशी पाण्याच्या थरातून पोहत मादी पेशीपर्यंत जातात. ओल नसेल तर फलन नाही आणि पुढची पिढीही नाही. वरचे छत तोडले, की ऊन आणि वारा थेट जमिनीवर येतो आणि ही ओल उडते. ब्रॅकनसारखे काही नेचे उघड्यावर तग धरतात, पण सावलीला सरावलेल्यांना ते शक्य नसते.

म्हणूनच पश्चिम घाटातील पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा प्रश्न नेच्यांसाठीही महत्त्वाचा आहे. केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी काढलेल्या सहाव्या मसुद्यात सहा राज्यांतील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित आहे. त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर. पहिला मसुदा २०१४ चा. तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावता येतात. मात्र दाट छत, त्याखालचा गारवा आणि ओल तयार व्हायला अनेक दशके लागतात. डायनासोर संपवणाऱ्या आपत्तीतूनही नेचे तगले. त्या काळच्या खडकांत त्यांच्या बीजाणूंचा खच सापडतो. गट म्हणून ते यापुढेही टिकतील. पण सह्याद्रीतील एखाद्या ओढ्याकाठी, ठरावीक सावलीतच वाढणाऱ्या प्रजातीबद्दल तशी खात्री देता येत नाही.