विश्लेषण : वायनरीत हंगामी इंटर्नशिप करायची आहे? गमबूट, त्रैराशिक आणि ‘नाही’ म्हणण्याची तयारी ठेवा

नाशिक जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण डिसेंबरअखेर सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. दिंडोरी, निफाड, इगतपुरी भागातल्या वायनऱ्यांना वर्षभराची वाइन याच काळात करून घ्यायची असते. त्यामुळे हंगामापुरते जादा हात लागतात आणि फूड टेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, केमिकल इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून आत शिरण्याची संधी मिळते. जाण्यापूर्वी यातले अनेकजण ग्लास कसा धरायचा आणि फ्रेंच नावांचे उच्चार कसे करायचे याचे व्हिडीओ पाहतात. ते पाहायला हरकत नाही. मात्र पहिल्या आठवड्यात त्याचा उपयोग जवळपास शून्य. जी तयारी खरोखर लागते ती वेगळी आहे आणि तिच्यातला एक भाग थेट जिवाशी संबंधित आहे.

हंगाम हिवाळ्यातच का?

युरोप-अमेरिकेत द्राक्षे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उतरतात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. तिकडे कडाक्याच्या थंडीत वेल झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. फळ येते ते गोडी छाटणीनंतर. घरी द्राक्षबाग असलेल्यांना हे सांगायला नको. पण त्यांचीही एका बाबतीत गफलत होते. बाजारातले थॉम्पसन सीडलेस आणि वाइनचे द्राक्ष यांचा तसा फारसा संबंध नाही. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया. खायला कुणी मागणार नाही असे हे फळ, पण रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतून आणि बियांतूनच येतो.

काढणीचा क्रम ठरलेला असतो. स्पार्कलिंग वाइनची द्राक्षे साखर कमी आणि आंबटपणा जास्त असताना, म्हणजे सर्वांत आधी खुडतात. मग शेनिन ब्लांक, सॉव्हिन्यॉ ब्लांक यांसारखी पांढरी वाणे आणि शेवटी शिराज, कॅबर्ने सॉव्हिन्यॉ. सेमिस्टरची परीक्षा उरकून फेब्रुवारीच्या मध्यात रुजू होणाऱ्याची पांढऱ्या वाइनची बरीचशी बाजू हुकलेली असते. कॉलेजांनी हे वेळापत्रक पाहून सुट्टीची सोय करायला हवी; सध्या ती धावपळ विद्यार्थ्याच्याच वाट्याला येते.

दिवसभर काम काय असते?

धुणे. क्रेट धुणे, नळ्या धुणे, पंप, प्रेस, टाकी आणि फरशी धुणे. आधी कॉस्टिक सोडा, मग सायट्रिक ॲसिड, मग पाणी. टाकी वापरण्यापूर्वी धुवायची आणि रिकामी झाल्यावर पुन्हा धुवायची. अंगूर पायांनी तुडवण्याचा खेळ पर्यटकांसाठी असतो. त्याच वेळी मागच्या शेडमध्ये इंटर्न डिस्टेमरच्या जाळीत अडकलेले देठ काढत असतो. यात कमीपणा काहीच नाही. नको ते जिवाणू वाइनमध्ये शिरले की पुढची सगळी हुशारी वाया जाते, त्यामुळे नळी नीट धुणारा माणूस वाइनमेकरला हवाच असतो.

खुडणी गारव्यात, पहाटे किंवा रात्रीही होते, कारण द्राक्ष गार असताना आत आले तर रस लवकर बिघडत नाही. निफाडची जानेवारीतली थंडी ठाऊक असलेल्यांनी ओल्या कपड्यांत चार तास उभे राहण्याची कल्पना करावी. चांगल्या पकडीचे गमबूट, मोज्यांचे जादा जोड, डोळ्यांवरचा चष्मा आणि रबरी हातमोजे हे सामान पहिले. गमबूट अर्धा नंबर मोठे घ्यावेत, जाड मोजे आत बसतात. दमा असलेल्यांनी तो आधीच सांगावा. वायनरीत सल्फर डायऑक्साइड रोजच्या वापरात असतो आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा थोडा वासही त्रास देऊ शकतो.

आणि अभ्यास कोणता?

अभ्यास शाळेच्या गणिताचा. उदाहरण घेऊ. ५,००० लिटरच्या टाकीत लिटरमागे ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड द्यायचा आहे. म्हणजे २५० ग्रॅम. पण तो पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पावडरीतून द्यायचा असतो आणि या पावडरीतून वजनाच्या जेमतेम ५७ टक्केच सल्फर डायऑक्साइड मिळतो. म्हणून पावडर लागेल सुमारे ४४० ग्रॅम. दशांश चिन्ह एक घर सरकले तर ४.४ किलो पडेल आणि यीस्ट टाकण्याआधीच टाकीचा निकाल लागेल. पहाटे चार वाजता, दहा तास उभे राहिल्यावर हे त्रैराशिक बिनचूक सुटले पाहिजे. साखरेवरून अल्कोहोलचा अंदाज काढणे तुलनेने सोपे. ब्रिक्सला ०.५७च्या आसपास गुणले की टक्के मिळतात. २२ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला तर साडेबाराच्या जवळ.

यीस्टचेही तसेच. कोरडे यीस्ट कोमट पाण्यात, साधारण ३५ ते ४० अंशांवर जागे करतात. ते थेट गार रसात ओतले तर तापमानाच्या धक्क्याने बरेचसे मरते. म्हणून त्यात थोडा थोडा रस मिसळत तापमान उतरवायचे. दही विरजताना दूध किती कोमट हवे हे बोटाने ओळखणाऱ्या घरातल्या मुलांना ही गोष्ट लगेच कळते. इथे फक्त बोटाऐवजी थर्मामीटर असतो.

सर्वांत मोठा धोका कोणता?

डोळ्यांना न दिसणारा कार्बन डायऑक्साइड. एक लिटर रस आंबताना सुमारे ५० लिटर वायू बाहेर पडतो. ५,००० लिटरच्या टाकीतून अडीच लाख लिटर, म्हणजे दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि तीन मीटर उंच हॉल भरेल इतका. तो हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून तळाशी साचतो. आठ तासांच्या कामासाठी हवेतले त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्यापर्यंतच ठीक मानतात. चार टक्क्यांना जिवाला तत्काळ धोका असतो आणि दहा टक्क्यांच्या आसपास माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे होती. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे, वारा खेळू देत. हे जुने शहाणपण स्टीलच्या चकचकीत टाकीसमोर विसरले जाते. रेड वाइन काढून घेतल्यावर तळाशी सालींचा चोथा उरतो. तो फावड्याने ओढून काढायचा असतो आणि हे काम नवख्याच्या हातात पडण्याची शक्यता मोठी. दिवा लावून पाहण्याची युक्तीही पुरेशी नाही, कारण माणसाला घातक असलेल्या प्रमाणातही ज्योत जळत राहू शकते. गॅस डिटेक्टर हवा, पंख्याने हवा खेळवलेली हवी, बाहेर लक्ष ठेवणारा माणूस हवा. यातले एक जरी नसेल तर टाकीत उतरायचे नाही. आत कुणी कोसळला तरी मागून उडी मारायची नाही. सेप्टिक टँकच्या दुर्घटनांच्या बातम्यांत एकापाठोपाठ दोघे-तिघे दगावतात ते याच कारणाने.

प्रश्न असा की, शिफारसपत्राची आस असलेला एकवीस वर्षांचा विद्यार्थी सुपरवायझरला ‘नाही’ म्हणू शकेल का? बहुतेकदा नाही. म्हणून ही जबाबदारी विद्यार्थ्याच्या धाडसावर सोडणे चूक आहे. पहिल्याच दिवशी, कामाला हात लावण्याआधी, बंद जागेतल्या कामाचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे आणि इंटर्नने टाकीत उतरायचे नाही, असा सरळ नियम वायनरीनेच लिहून द्यायला हवा.

कागदावर काय मागायचे?

कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि त्यापुढे दुप्पट मोबदला हे कायद्याने मिळते. ‘इंटर्न’ म्हटले की हे सगळे धूसर होते आणि ‘शिकायला मिळतेय ना’ हे उत्तर तयार असते. शिकायला मिळते हे खरेच आहे. पण रात्री दोनला प्रेस धुणारा माणूस त्या रात्री कामगाराचेच काम करत असतो. त्यामुळे मानधन, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, राहण्याची सोय आणि अपघात विमा या बाबी पत्रात हव्यात. रात्रपाळीनंतर खोलीपर्यंत पोहोचवणारी गाडीसुद्धा. बहुतेक वायनऱ्या गावाबाहेर आहेत. मुलींच्या घरून पहिला प्रश्न गाडीचाच येतो आणि तो रास्त आहे. उत्तर तोंडी मिळाले तर ते ई-मेलवर मागून घ्यावे. लिहून द्यायला टाळाटाळ होत असेल तर तेही एक उत्तरच.

एका हंगामाचा पुढे उपयोग काय?

नाशिकचा हंगाम मार्चमध्ये संपतो आणि युरोपचा ऑगस्टमध्ये सुरू होतो. त्यामुळे एकाच वर्षात दोन हंगाम करणे वेळापत्रकात तरी बसते. अडचण व्हिसा आणि खर्चाची. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीय तरुणांना वर्क अँड हॉलिडे व्हिसा खुला केला असला, तरी जागा वर्षाला १,००० आणि निवड सोडतीने. तिथल्या वायनऱ्याही आधीचा अनुभव विचारतात. अशा वेळी रोजची वही कामाला येते. कोणत्या टाकीत कोणते वाण, ब्रिक्स, तापमान आणि आपण काय केले याची स्वतःच्या अक्षरातली नोंद. वायनरीची आकडेवारी बाहेर नेण्यापूर्वी परवानगी मात्र घ्यावी.

अर्जासाठी डिसेंबरची वाट पाहू नये. गोडी छाटणीची तारीख कळली की काढणीचा अंदाज बांधता येतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये विचारणा केलेली बरी. ई-मेलमध्ये वाइनवरील प्रेमाचा परिच्छेद नसला तरी चालेल. कधीपासून कधीपर्यंत येऊ शकता, रात्रपाळी जमेल का आणि दुचाकी चालवता येते का, हे तीन ओळींत लिहावे.